पौर्णिमेच्या आधी डोणगाव

लोक प्रवासाला निघतात ते कुठे तरी पोचायला. मी निघालो तो डोणगावला शक्य तितक्या उशिरा पोचावं म्हणून. हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर वाचक नकाशा उघडून बसतील आणि हा माणूस असा उलटसुलट का फिरला म्हणून डोकं खाजवतील.

डोणगाव ही माझी सासुरवाडी. माझी बायको वेणू गेल्या दिवाळीला तिथे माहेरपणाला गेली. पंधरा दिवसांनी न्यायला येतो, असं मी तिला सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी मी बेळगावला होतो, महिन्याने सुरतेला, उन्हाळ्यात तर कुठे कुठे होतो ते आता आठवतही नाही. पुण्यातल्या एका छापखान्यात मी नोकरीला आहे. आमचा छापखाना सापशिडीचे आणि सारीपाटाचे कागदी पट छापतो. ते खपवायला आणि नवे खेळ हुडकायला मालक मला गावोगाव पाठवतात. पाठवतात म्हणजे मीच मागून घेतो. एका जागी चार दिवस बसलो की माझ्या पायांना मुंग्या येतात. वेणू म्हणायची, तुम्ही घरी येता ते पुढच्या गाडीची वेळ पाहायला.

या आश्विनात तिचं कार्ड आलं. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मी डोणगावात आहे, त्यानंतर नसेन, यायचं असलं तर यावं. खाली नाव. कुठे जाणार, कोणाबरोबर, किती दिवसांसाठी, काही नाही. ते कार्ड मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. मग मालकांना म्हटलं, वऱ्हाडातले खेळ आपल्याकडे अजिबात नाहीत, जाऊन येतो. बायकोला आणायला जातो, असं सरळ सांगायला जीभ रेटेना. ती यायला नाही म्हणाली तर परत येऊन काय तोंड दाखवणार होतो?

बुलढाणा, षष्ठी

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत होत्या. मलकापूरहून निघालेली आमची मोटार घाटात तीनदा दमली. तिन्ही वेळा उतारू खाली उतरले आणि मोटारीच्या पुढे चालू लागले. मला ते बरं वाटलं. बसून राहण्यापेक्षा चढ परवडला.

बुलढाण्याची हवा थंड, बंगले साहेबी, झाडी दाट. अशा गावात माणसाने दोन दिवस स्वस्थ पडावं. मी तासाभरात सगळं गाव पालथं घालून पुन्हा मोटार स्टँडवर आलो. घाटात माझ्याबरोबर चाललेले एक कापसाचे व्यापारी तिथे भेटले.

"कोठी जाऊन राह्यले?" त्यांनी विचारलं.

"डोणगावला."

"मंग हे काय, चिखलीची मोटार उभी हाये. चिखलीहून मेहकर, मेहकराहून डोणगाव. उद्या सांजेलोक पोचता तुमी."

मी त्यांचे आभार मानले आणि धाडच्या मोटारीत जाऊन बसलो. धाड बरोबर उलट्या दिशेला आहे. खिडकीतून पाहिलं तर ते गृहस्थ तोंड उघडं ठेवून माझ्याकडे पाहत होते.

धाड, अष्टमी

धाडला बाजार होता. तिखटाच्या ढिगांशेजारून चालताना शिंका देत मी एका निंबाच्या पारापाशी पोचलो. फरशीवर कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या आणि दोन म्हातारे वाघ-बकरी खेळत होते. मी वही काढून पट उतरवू लागलो. त्यातले एक भिकाजीबुवा, कानात बाळी, अंगात बाराबंदी. त्यांनी माझी वही पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाले, "लिहून काय समजते? बसा. वाघ घेता का बकऱ्या?"

मी अर्थातच वाघ घेतला. वाघाला सगळीकडे उड्या मारता येतात, बकऱ्यांना एकेक घर सरकत दाटीवाटीने बसावं लागतं. मी उड्या मारल्या. तीन बकऱ्या खाल्ल्या, जमलेल्या लोकांकडे विजयाने पाहिलं, आणि पुढच्या पंधरा खेळींत माझे दोन्ही वाघ कोपऱ्यात जाऊन अडकले. हलायला एक घर नाही.

"तुमी बकऱ्या घ्याले पाह्यजे होत्या," भिकाजीबुवा म्हणाले.

"का?"

"तुमाले त्याची सवय नाई म्हून."

मग भाकर आणि ठेचा समोर आला. आमच्याकडे पुण्यात ओळख नसलेल्या माणसाला जेवायला बसवायचं म्हणजे घरात आधी कुजबुज होते. इथे माझं नाव गाव भाकर अर्धी झाल्यावर विचारण्यात आलं. मी डोणगावचा जावई आहे हे कळल्यावर भिकाजीबुवा खाता खाता थांबले. "जवाई, आन् धाडात काय करून राह्यले?" खेळ गोळा करतो, असं मी सांगितलं. ठेचा चांगला तिखट होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं ते कोणाला वेगळं वाटलं नाही. मला मात्र त्या क्षणी फार ओशाळल्यासारखं झालं.

मेहकर, एकादशी

मेहकरला माझी आत्या असते. आमचं लग्न तिनेच जुळवलं. ती मूळची पुण्याची, पण वऱ्हाडात दिली त्याला तीस वर्षं झाली होती, आणि आता तिच्या बोलण्यात पुणं औषधालाही उरलेलं नाही. उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढता वाढता तिने माझी हजेरी घेतली.

"डोणगाव येथून पाच कोस हाये. तू काल येथी आला. मंग काल तठी काऊन नाई गेला?"

"आत्या, ती पौर्णिमेनंतर कुठे जाणार आहे?"

"तिचं तिले इचार."

"तुला माहीत आहे ना?"

"माहीत हाये. म्हूनच सांगत नाई."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. कुठे जाणार असेल? नाशिकला तिची मावशी असते, तिथे? मी पाच दिवस फुकट घालवले, असं वाटून मी स्वतःला शिव्या घातल्या. आणि सकाळी उठल्यावर पुन्हा तोच प्रश्न. समोर उभा राहून तिला म्हणणार काय?

आत्या स्वतः मला स्टँडवर घेऊन आली आणि डोणगावच्या मोटारीत बसवून गेली. मोटारीच्या कोळशाच्या भट्टीचा पंखा फिरवता फिरवता क्लीनर घामाघूम झाला, पण गॅस पेटेना. शेजारी एक ट्रक घरघरत उभा होता. त्यावर तंबूचे बांबू, जनरेटर, आणि बाजूला रंगवलेली एक नटी. फिरत्या सिनेमाचा मालक गुलाबभाई पुढे बसला होता.

"लोणार, लोणार," तो उगाचच ओरडला. "एक जागा है. सरोवर देखो, शाम को खेल देखो."

मी डोणगावच्या मोटारीतून उतरलो आणि ट्रकमध्ये चढलो. पुढे लिहायला नको वाटतं, पण लिहायचं ठरवलं आहे. ट्रक वळणावर गेला तेव्हा मागे पाहिलं. डोणगावच्या मोटारीतून धूर येऊ लागला होता. ती चालू झाली होती.

लोणार, द्वादशी आणि त्रयोदशी

लोणारचं सरोवर वरून पाहिलं तर भल्या मोठ्या काहिलीच्या तळाशी हिरवं पाणी उरलंय असं दिसतं. पाणी खारं, त्याला वास, आणि काठाला मोडकी देवळं. खाली उतरून वर यायला माझा अख्खा दिवस गेला आणि बाकी काही सुचलं नाही. गावातल्या मोठ्या देवळाच्या ओट्यावर मला जे सापडलं ते मात्र सरोवराहून मोलाचं वाटलं. दगडात कोरलेले पट. नवकंकरीचा, वाघ-बकरीचा, आणि पाच बाय पाच घरांचा तो आपला कवड्यांचा, ज्याला कोणी चल्लस-आठ म्हणतं, कोणी अष्टाचंगा.

दोन बायका तिथे फोडलेले चिंचोके टाकून खेळत होत्या. मी नियम विचारले. चारी बाजूंना फुल्यांची घरं, तिथे सोंगटी मरत नाही. बाहेरची फेरी पुरी झाली की आतल्या घरांत शिरायचं आणि मधल्या घरात पोचायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. मग त्यातली एक म्हणाली, "पण एक तरी सोंगटी मारल्याबिगर आत जाता येत नाई. बाहेरच फिरा लागते."

मी वही मिटली. लग्नाच्या पहिल्या वर्षी वेणूने मला हाच नियम सांगितला होता. आमच्या घरी आम्ही तसं खेळत नाही. मी हसून म्हटलं होतं, हरायला लागलीस की नियम काढतेस का? त्यानंतर तिने तो कधी काढला नाही. आमचे डाव असेही पुरे होत नसत. मधेच मी उठायचो, माझ्या वाटचे चिंचोके तूच टाक म्हणायचो आणि चपला घालायचो. दोन्ही बाजूंनी एकटीने खेळत बसलेली वेणू मला त्या ओट्यावर लख्ख दिसली. फार वाईट वाटलं.

दिवेलागणीला तुळशीची लग्नं लावून गाव सिनेमाच्या तंबूत जमलं. गुलाबभाईचा चेहरा मात्र पडला होता. कुठल्या तरी स्टेशनावर रिळांच्या पेट्यांची अदलाबदल झाली होती. हिंदी खेळाच्या जागी त्याच्याकडे तेलुगू खेळ आला होता. आता काय करणार? तंबू भरलेला. तेवढ्यात कोणाच्या तरी ध्यानात आलं की सडकेच्या कामावर वडारांची पालं पडली आहेत आणि त्यांच्या घरात तेलुगूच बोलतात. गाव एरवी त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचं. आज त्यांना पुढे बोलावून बसवलं. यल्लम्मा नावाची खडी फोडणारी बाई पडद्याच्या कडेला उभी राहिली. ती पाहणार आणि सांगणार, असं ठरलं.

खेळ हलकाफुलका होता. एका मुलीच्या घरी एक तरुण आचारी बनून येतो. खरं तर तो शेजारच्या गावच्या पाटलाचा मुलगा, दोघांच्या बापांचं हाडवैर. यल्लम्माची एकच अडचण होती. ती आधी स्वतः पोट धरून हसायची, मग सांगायची.

"आधी सांग, मंग हास," मागून कोणी तरी म्हणालं.

"हासाचं थांबते का सांगाले?" ती म्हणाली. "त्यानं डाळीत मीठ जास्ती टाकलं. पोरगी म्हणते, लय चांगली झाली. पार बयताड, येडी हाये थे."

पुढे बसलेले सगळे वडार आधी हसत, मग तंबू हसे. मी त्या दोन हशांच्या मधल्या थोड्याशा वेळातही अस्वस्थ होत होतो. दोनदा उठलो, दोनदा मागच्या माणसाने खांदा दाबून बसवलं.

मग पडद्यावर ती मुलगी आणि तो आचारी पट मांडून बसली. खुर्चीवर मुलीची म्हातारी आत्या पहाऱ्याला. तोच पट, तेच पाच बाय पाच. यल्लम्माने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायची गरजच उरली नाही. मुलाचं दान पडलं, मुलीची सोंगटी मारता येत होती, त्याने दुसरीच सरकवली. मुलीनेही तसंच केलं. कोणी कोणाला मारेना, त्यामुळे कोणालाच आत जाता येईना. सोंगट्या बाहेरून फेऱ्या मारत राहिल्या. म्हातारी पेंगायला लागली, तरी डाव चालूच. सगळा तंबू पुढे झुकला.

"मारत काऊन नाई थे?" पुरुषांमधून आवाज आला.

"मारलं त डाव सरते," बायकांमधून उत्तर आलं. "उठा लागते मंग."

मुलीने चिंचोके उचलले, मुठीत हलवले, आणि पडदा पांढरा झाला. शेवटचं रीळ पेटीत नव्हतंच. गुलाबभाईने हात जोडले. लोक चिडले नाहीत. घरी जाताना सगळे एकाच गोष्टीवर भांडत होते, आधी कोण मारील. मी यल्लम्माला गाठून विचारलं.

"पोरगी," ती क्षणभरही न थांबता म्हणाली. "पोरगा कायले मारते? त्याले बाहेरच मजा वाटून राह्यली."

डोणगाव, चतुर्दशी

बैलगाडीने निघालो, मग एका कापसाच्या गाडीवर, शेवटचा कोसभर पायी. दुपारी घरात शिरलो. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. धान्याचा आणि कापसाचा व्यापार, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, रोडगे आणि वांग्याची भाजी वाढायला सांगितली, आणि एका शब्दाने विचारलं नाही की वर्षभर कोठे होतात. विचारलं असतं तर बरं झालं असतं. वेणू वाढत होती. थोडी सावळली होती, चष्मा लागला होता. मला चष्म्याचं माहीतच नव्हतं.

जेवणानंतर ओसरीवर आम्ही दोघंच राहिलो. मी तिला लोणारचा तो सिनेमा सांगू लागलो. चांगला रंगवून सांगितला, मिठाची डाळ, पेंगणारी म्हातारी सगळं. ती हसली. शेवटचं रीळ नव्हतं म्हटल्यावर ती उठली, खडूने फरशीवर पट आखला आणि चिंचोके घेऊन आली.

"बसा," ती म्हणाली. "पुरा खेळाचा."

बसलो. तिच्या नियमाने खेळू, असं मी आपण होऊन म्हटलं. मनात ठरवलं होतं, आपणही तिला मारायचं नाही. सिनेमातल्या त्या पोरासारखं. दोनदा तिची सोंगटी माझ्या हाताशी आली, दोनदा मी सोडली आणि तिच्याकडे मोठ्या प्रेमाने पाहिलं. तिचं लक्ष पटाकडे होतं. तिला चार पडले, पुन्हा दोन, आणि तिने माझी सोंगटी उचलून बाहेर ठेवली. मग सरळ आतल्या घरात शिरली.

"तुमी मारत काऊन नाई?"

"तू मला मारशील असं वाटलं नव्हतं."

"मले आत जाचं हाये," ती शांतपणे म्हणाली. "तुमाले बाहेर फिराले आवडते. मी वर्षभर तुमच्यासाठी बाहेर थांबली. आता नाई थांबत." तिने चिंचोके खाली ठेवले. "अमरावतीले मास्तरणीचं शिक्षण असते, दोन वर्षांचं. माहं नाव लागलं. परवा जातो मी."

मी नानांकडे पाहिलं. ते दाराशी कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. "तुमी नाई म्हटलं त थे जात नाई, जवाईबापू," ते म्हणाले. "तसा शबद घेतला हाये मी तिच्यापाशून. तुमची बायको हाये. म्हून तुमाले बलावलं."

आता कळलं कार्ड कशासाठी होतं. मी पौर्णिमेच्या आत पोचलो नसतो तर ती न विचारता गेली असती, आणि तिला तेच हवं असेल, असंही वाटून गेलं. एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर ती माझ्याबरोबर पुण्याला आली असती, आणि मी पुढच्या महिन्यात कुठे तरी निघून गेलो असतो. हे मला त्या वेळी इतकं स्पष्ट दिसलं की माझीच मला भीती वाटली. तरी "जा" म्हणायला मी फार वेळ घेतला. वेणूने तेवढा वेळ मान वर केली नाही. मी जा म्हटल्यावर तिने पदराने चष्मा पुसला.

"मी पोचवायला येतो अमरावतीला," मी म्हटलं.

"नाई. तठी नाना येतात. तुमी घरी जा. आन् घरी राहा. दोन वर्ष. मंग पाहू."

मग मीही खेळलो, मारून खेळलो, आणि हरलो. डाव पुरा केला. आमचा पुरा झालेला तो पहिलाच डाव.

पुणे

याला आता सात महिने झाले. वऱ्हाडचा पट आम्ही छापला. मालक म्हणत होते, तो मारण्याचा नियम गाळा, पोरांना अवघड जाईल. मी हुज्जत घालून ठेवून घेतला. दर रविवारी अमरावतीला माझं कार्ड जातं, मजकूर एकच. मी घरी आहे. त्याला उत्तर येत नसे.

गेल्या महिन्यात मालकांनी विचारलं, कोकणात जाता का, तिकडचे खेळ पाहून या. मी नाही म्हटलं, आणि मग आठवडाभर सगळ्यांवर डाफरत राहिलो. जिना चढलो उतरलो, स्टेशनापर्यंत जाऊन गाड्या पाहून आलो. रविवारी तिला लिहिलं, मी घरी आहे, पण फार चिडलेला आहे, वाटलं तर रागव. चौथ्या दिवशी तिचं कार्ड आलं. पहिलंच.

"चिडा तं चिडा. पण घरीच चिडा."